निसर्ग केंद्रात वर्षभर जायचं कसं: एक झाड, एक वही आणि बरीच शून्यं

दर ऋतूत एकदा निसर्ग केंद्राला भेट द्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो पाळलात तर वर्षाअखेरीस हाती लागतील तीन-चार सहली आणि फोनमधले दोनशे फोटो. ऋतू पालटताना एकदाही दिसणार नाही. कारण जे काही घडतं ते सांध्यावर घडतं. झाड नागडं होतं तेव्हा तुम्ही गेलात, मग थेट भरगच्च हिरवं झाल्यावर गेलात, तर मधली तांबूस पालवी तुमच्या गैरहजेरीत येऊन गेली.

फेऱ्या ठरवा. पंधरा दिवसांतून एक फेरी पुरते. दोन ऋतूंच्या सांध्यावर मात्र आठवड्याला एक. तुमच्याकडे ऋतू तीन असोत की चार, थंडी ओसरू लागली किंवा पहिला पाऊस पडून गेला की बाकीची कामं बाजूला ठेवा. एरवीची एखादी फेरी बुडली तर बुडू द्या.

वेळ. पक्ष्यांसाठी दार उघडल्या उघडल्या. फुलपाखरं आणि चतुर अंग तापल्याशिवाय उडत नाहीत, त्यांच्यासाठी ऊन वर आल्यावर.

वाट आखून घ्या. अर्ध्या तासात संपेल एवढीच. तिच्यावर एक पाणवठ्याचा काठ हवा, एक गवताचा मोकळा तुकडा हवा आणि पानगळ होणारं एक झाड हवं. दर वेळी हीच वाट आधी करायची, मग हवं तिकडे भटका. बंद पायवाटांची चौकशी प्रवेशद्वारावरच करून टाका.

आता झाड आणि वही. इथे मी दोन वर्षं वाया घालवली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्या वर्षीची माझी वही उघडली तर पानोपानी ‘मस्त पालवी’, ‘फुलं छान’, ‘आज बरेच पक्षी’. यावरून काय कळणार? मस्त म्हणजे किती, आणि मागच्या वेळेपेक्षा जास्त की कमी? अशा नोंदी आठवण म्हणून गोड असतात, तुलनेला कुचकामी. दुसऱ्या वर्षी शहाणपणा करून एकच झाड धरलं आणि खूण लिहिली: ‘बाकड्याच्या डावीकडचं’. पानगळ झाल्यावर गेलो तर बाकडं तिथून हलवलेलं. शेजारी शेजारी उभी असलेली दोन झाडं, दोन्ही निष्पर्ण, माझं कुठलं ते सांगता येईना. त्यानंतर मी फांदीला रिबीन बांधली. पुढच्या फेरीला तिथल्या कर्मचाऱ्याने ती सोडलेली होती, आणि त्याने योग्यच केलं. तुम्ही असलं काही बांधू नका, कोरू नका.

झाडाची ओळख झाडावरूनच ठेवायची. जमिनीपासून साधारण १.३ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीला, शिवणकामाच्या टेपने खोडाचा घेर मोजा आणि लिहून ठेवा. वनस्पती अभ्यासकही याच सुमाराला मोजतात. शेजारच्या झाडाचा घेर नेमका तेवढाच निघणं अवघड. जोडीला खोडावरची एखादी ढोली, गाठ किंवा दुभंगलेली फांदी टिपा. पानं गळाली तरी या खुणा जागेवर असतात.

मग हाताला किंवा नजरेला सहज येणारी एकच फांदी निवडा. वहीत कायमचे रकाने आखा: कळ्या, कोवळी पानं, जून पानं, पिकली पानं, फुलं, कच्ची फळं, पिकली फळं. प्रत्येकासमोर तीनच शब्दांपैकी एक: नाही, थोडं, भरपूर. टक्के लिहायच्या भानगडीत पडू नका. आज तुम्ही चाळीस म्हणाल, परवा त्यालाच साठ म्हणाल. ‘नाही’ लिहायचा कंटाळा मात्र करायचा नाही. नवशिक्यांच्या वहीत हाच शब्द नसतो, आणि अख्ख्या वहीत सगळ्यात कामाचा तोच असतो.

कसा, ते पाणवठ्यावर कळलं. एका सकाळी लव्हाळ्याच्या काडीला चतुराची कात चिकटलेली दिसली. पाण्यातली अळी काडीवर चढून बाहेर येते, पाठीवर उकलते आणि पंखवाला चतुर निघून जातो. मागे राहतं ते हलकं, तपकिरी टरफल: सहाही पाय काडीला घट्ट, पाठीवर उभी चीर, आणि चिरेतून लोंबणारे पांढरे बारीक धागे. ते धागे म्हणजे श्वासनलिकांचं अस्तर, तेही कातीबरोबरच बाहेर येतं. आठवड्यापूर्वीच्या पानावर त्याच काठासमोर मी ‘कात: नाही’ लिहिलं होतं. म्हणजे हा चतुर याच सात दिवसांत बाहेर पडला. ते ‘नाही’ लिहिलेलं नसतं तर माझ्या हातात नुसतं टरफल होतं. पक्षिनोंदींसाठी २००२ साली सुरू झालेलं ईबर्ड हे संकेतस्थळही यादी देताना विचारतं, की ओळखू आलेले सगळे पक्षी लिहिलेत ना? सगळे लिहिले असतील तरच न लिहिलेल्याला अर्थ येतो.

या कामाला पदवी लागत नाही. इंग्लंडमध्ये नॉरफोकच्या रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदाराने १७३६ पासून वसंताच्या खुणा टिपल्या: कुठल्या झाडाला पहिलं पान कधी, पहिली माळभिंगरी कधी, बेडूक कधी ओरडले. पुढे त्याच्या घराण्याने त्या १९५८ पर्यंत चालू ठेवल्या. हवामानबदलाचे अभ्यासक आजही त्या वापरतात, कारण वर्षानुवर्षं त्याच त्या गोष्टी बघितल्या गेल्या.

फोटो. एकच. त्याच जागेवरून, झूम न करता, फोन आडवा धरून, चौकटीत न हलणारं काहीतरी घेऊन. मोठा दगड चालेल, बाकडं नको.

पानगळीत फेरी टाळू नका. ‘आता बघण्यासारखं काही नाही’ असं ऐकलं की माझं डोकं फिरतं. पान गळाल्यावर देठाचा वण राहतो, त्याच्या लगेच वर बोट फिरवा. पुढच्या मोसमाची कळी तिथे आधीच बसलेली असते. भिंगातून पाहिलंत तर वणात बारीक ठिपके दिसतात. पानाला पाणी पोचवणाऱ्या नळ्या तिथे तुटलेल्या असतात. घरटी आणि ढोल्याही याच दिवसांत उघड्या पडतात. फक्त घरट्याला हात लावू नका.

दुसऱ्या वर्षी एक पथ्य पाळा. आजची नोंद आधी पूर्ण करायची, मगच गेल्या वर्षीचं पान उलटायचं. उलट केलंत तर वहीत असलेलंच झाडावर दिसायला लागतं. एकदा मी घाईत जुनं पान आधी वाचलं, ‘कळ्या: थोडं’, आणि फांदीकडे बघून तेच लिहून मोकळा झालो. परत जाताना पुन्हा मान वर केली तेव्हा दिसलं, की फांदीच्या टोकाच्या सगळ्या कळ्या उमलून गेल्या होत्या. तिथेच थांबलो, ‘थोडं’ खोडलं आणि रकाना बदलून पुन्हा लिहिलं.