ट्रॉम्बेला अणुवीज होत नाही: भूगोलाच्या पेपरात आपत्ती आणि ऊर्जेवर लिहिताना या चुका टाळा

नैसर्गिक आपत्ती आणि ऊर्जा ही दोन प्रकरणं मुंबईतल्या मुलांना खरं तर हक्काचे गुण देणारी. पूर दारात, समुद्र हाकेच्या अंतरावर, विजेचं बिल दर महिन्याला घरात. तरी गुण जातात. पाठांतर कमी पडतं म्हणून नाही, तर कारणांची साखळी मधेच तुटते आणि आकड्यापुढचं एकक चुकतं म्हणून.

"अतिवृष्टी झाली म्हणून पूर आला"

चूक नाही, पण अर्धवट. २६ जुलै २००५चंच उदाहरण घ्या. "मुंबईत ९४४ मिमी पाऊस पडला" असं सर्रास लिहिलं जातं. तो आकडा सांताक्रूझ वेधशाळेचा, २४ तासांचा. त्याच काळात कुलाब्याला जेमतेम ७३-७४ मिमी नोंदला गेला. म्हणजे आकड्यासोबत ठिकाण आणि कालावधी लिहिला नाही तर वाक्य खोटंच ठरतं. स्तंभालेख काढायचा असेल तर १ सेमी = १०० मिमी हे प्रमाण घ्या. एक स्तंभ साधारण ९.४ सेमीचा, दुसरा पाऊण सेमीपेक्षाही बुटका. मुलं दुसरा स्तंभ "दिसत नाही" म्हणून उंच काढतात. काढू नका, तो फरक हेच तर उत्तर आहे.

आता कारणं. शहराच्या पर्जन्य जलवाहिन्या तेव्हा ताशी २५ मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या, तेही समुद्राला ओहोटी आहे असं धरून. त्या दुपारी साडेचार मीटरच्या आसपास भरती होती. भरतीचं पाणी जलवाहिन्यांच्या तोंडापेक्षा वर चढलं की पाणी उताराने बाहेर जाऊच शकत नाही. हाजीअली, इर्ला अशा ठिकाणी पुढे पंपिंग स्टेशनं उभारली ती याचसाठी. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून निघून साकीनाका, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुलावरून माहीमच्या खाडीला मिळते. तिचं पात्र भराव, बांधकामं आणि विमानतळाने आवळलेलं, तोंडाशी खारफुटी कमी झालेली. पाऊस किती वेळात किती, पाणी कुठून कुठे निघालं, वाट कुठे अडली, किनाऱ्यावर भरती की ओहोटी: या क्रमाने लिहिलं तर उत्तर आपसूक पुरं होतं.

"ढगफुटी" हा शब्द वाटेल तसा वापरू नका. तासाला १०० मिमी किंवा जास्त पाऊस, तोही वीस-तीस चौरस किमीच्या पट्ट्यात, असा हवामान खात्याचा निकष आहे. २६ जुलैला चक्रीवादळ म्हणणं तर साफ चूक. ऐन मोसमी पावसात खालच्या आणि वरच्या थरांतल्या वाऱ्यांत इतका फरक असतो की वादळाचा उभा गाभा टिकत नाही. म्हणूनच निसर्ग (३ जून २०२०) आणि तौक्ते (मे २०२१) ही दोन्ही मोसमाच्या तोंडावर आली. निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. तौक्ते मुंबईला झोडपून गेलं, पण जमिनीवर आलं गुजरातेत.

भूकंप: आकडा मोठा म्हणून नुकसान मोठं?

"६ पेक्षा ८ रिश्टर थोडा मोठा" हे वाक्य हमखास सापडतं. एका अंकाच्या फरकाने लहरींचा आयाम १० पट, तर ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. दोन अंकांना ऊर्जा साधारण १००० पट. आणि हे परिमाण म्हणजे भूकंपाची ताकद, तीव्रता नव्हे. एका भूकंपाचं परिमाण एकच असतं, तीव्रता, म्हणजे त्या ठिकाणी जाणवलेला हादरा आणि नुकसान, मात्र गावागणिक बदलते.

किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३) ६.२ च्या आसपासचा, तरी सुमारे दहा हजार माणसं गेली. कारण पहाटे चारच्या सुमाराची वेळ, उथळ नाभी आणि दगडमातीच्या रुंद भिंतींवर मातीचं जड धाबं. इथे "भूपट्टांच्या सीमेवर असल्यामुळे" हे ठरलेलं वाक्य चालत नाही, किल्लारी भूपट्टाच्या पोटात आहे. कोयनेबद्दल (११ डिसेंबर १९६७) "धरणाने भूकंप केला" असं लिहू नका. भ्रंशात, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगेत, ताण आधीपासून होता. जलाशयाचं पाणी भेगांत शिरून तो मोकळा व्हायला निमित्त झालं, असं लिहा.

त्सुनामीला भरतीची मोठी लाट समजू नका, एवढंच. खोल समुद्रात ती मीटरभरही उंच नसते.

ऊर्जा: इथे सगळ्यात जास्त गोंधळ

ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. १९५६ ची अप्सरा अणुभट्टी तिथलीच, पण ती संशोधनासाठी. ट्रॉम्बेची वीज येते ती औष्णिक केंद्रातून. अणुवीज तारापूरची, १९६९ पासूनची, आणि तारापूर २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. जुन्या गाइडात ठाणे दिसेल, खोडा. अणुऊर्जा कार्बन कमी सोडते म्हणून ती नवीकरणीय ठरत नाही. युरेनियम खाणीतूनच येतं.

मेगावॅट आणि युनिट ही दुसरी गडबड. मेगावॅट ही क्षमता, युनिट म्हणजे किलोवॅट-तास, प्रत्यक्ष वापर. १०० मेगावॅटचं केंद्र अखंड चाललं तर दिवसाला १ लाख किलोवॅट × २४ = २४ लाख युनिट. तेवढ्याच क्षमतेचा सौर प्रकल्प पाच लाखांच्या आसपास देतो, कारण रात्र आहे, ढग आहेत, सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आहे. म्हणून फक्त मेगावॅटची तुलना करून "सौर तेवढंच देतं" असा निष्कर्ष काढू नका. उत्तर अडलं तर घरचं बिल समोर घ्या. त्यावर युनिट छापलेले असतात. दीड किलोवॅट खेचणारा एसी आठ तास म्हणजे १२ युनिट.

जलविद्युतमध्ये पाण्याची दिशा चुकते. खोपोली (१९१५), भिवपुरी आणि भिरा ही टाटांची केंद्रं पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांचं पाणी घाटमाथ्यावर अडवून पश्चिमेला कोकणात सोडतात. सह्याद्रीचा कडा हीच त्यांची ताकद. पाणी थोडं असलं तरी पडण्याची उंची मोठी.

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची बत्ती गुल झाली, लोकल थांबल्या. त्याला "कोळसा टंचाई" हे उत्तर लागू नाही. कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्ही (किलोव्होल्ट) वीजवाहिन्या बंद पडल्या होत्या. निर्मिती आणि पारेषण (वीज वाहून नेणं) हे दोन वेगळे मुद्दे आहेत, प्रश्न कशाबद्दल आहे ते आधी बघा.

नकाशात मुंबई हाय हे समुद्रातलं खनिज तेलाचं क्षेत्र किनाऱ्याला चिकटवतात, काही जण तर रत्नागिरीसमोर. ते मुंबईच्या पश्चिम-वायव्येला अरबी समुद्रात साधारण १६० किमीवर आहे. नकाशाच्या प्रमाणावरून अंतर मोजा, पट्टी लावा, मग ठिपका द्या. नाव समुद्राच्या भागात लिहा, जमिनीवर नको.