नालबंद जवळ नसताना सैल नाल काढताय? या चुका टाळा

माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्यामुळे दस्तुरी नाक्यापासून पुढची बरीच ये-जा घोड्यांवर चालते. तिथल्या लाल मातीच्या, दगडगोट्यांच्या वाटेवर टापांच्या ठेक्यात मध्येच लोखंडाचा मोकळा खणखणाट मिसळला, की एखादी नाल सुटू लागली आहे हे ओळखावे आणि स्वाराला तिथेच उतरवावे.

पहिली चूक म्हणजे सैल दिसली म्हणून नाल लगेच उपटणे. नाल जागेवर सरळ बसलेली असेल आणि नुसती किंचित हलत असेल, तर घोडा सपाट जागी बांधून, खुराभोवती चिकटपट्टी घट्ट गुंडाळून नालबंदाची वाट पाहणे अधिक चांगले. नाल सरकली असेल, एका बाजूने लोंबत असेल किंवा तिचा खिळा तळव्याला टोचू लागला असेल, तर मात्र ती काढावीच लागते.

सर्वांत जास्त नुकसान घाईमुळे होते. नालेचे खिळे खुराच्या कडेतून बाहेर येतात आणि त्यांची टोके खाली वळवून ठोकलेली असतात. ही वळवलेली टोके आकड्यासारखी खुराला धरून असतात, म्हणून ती बोथट छिन्नी व हातोडीने सरळ केल्याशिवाय किंवा कानशीने घासून काढल्याशिवाय नाल ओढली, तर खुराचा ढलपाच निघतो. खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटरच वाढतो. तुटलेली कड भरून यायला कित्येक महिने जातात आणि तोवर नालबंदाला खिळा ठोकायला धड जागाच उरत नाही.

टोके मोकळी झाली, की सुताराच्या अंबुरासारखी लांब दांड्यांची पकड टाचेकडून नालेखाली घालावी आणि दांडे खुराच्या पुढच्या टोकाकडे, किंचित आतल्या बाजूला दाबावेत. बाहेरच्या बाजूला दाबणे ही मोठी चूक आहे, कारण सगळा ताण खुराच्या कडेवर येतो. एक टाच थोडी उचलली, की दुसरी उचलावी. नंतर नाल हलकेच परत खाली ठोकली, तर खिळ्यांची डोकी वर उभी राहतात आणि एकेक खिळा सरळ उपसता येतो. मला ही रीत सर्वांत सुरक्षित वाटते, कारण तीत जोर कमी लागतो. या कामाच्या वेळी घोड्याला माहितीच्या माणसाने धरावे आणि काढणाऱ्याने जमिनीवर कधीही बसू नये, कारण घोडा बिथरला तर बसलेल्या माणसाला वेळेवर बाजूला होता येत नाही.

काढलेले खिळे मोजणे अनेक जण विसरतात. नालेला सहसा 6 ते 8 खिळे असतात. एखादा कमी भरला, तर तो वाटेत किंवा खुरातच राहिलेला असू शकतो. तळव्यात खोल रुतलेला खिळा दिसला, तर तो स्वतः न उपसता पशुवैद्यकांना बोलवावे, कारण तो जागेवर असताना काढलेल्या एक्स-रेमध्ये त्याची खोली आणि दिशा स्पष्ट कळते. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, म्हणून लसीबद्दलही त्याच वेळी विचारावे.

नाल निघाल्यावर खुराच्या धारदार कडा कानशीने गोल कराव्यात, तळव्यावर कापसाची जाड गादी ठेवून वर पट्टी व चिकटपट्टी बांधावी आणि त्या घोड्यावर स्वारी करू नये. काढलेली नाल फेकून देऊ नये. ती कुठे झिजली आहे हे पाहून नालबंदाला त्या घोड्याची चाल ओळखता येते.