केळीच्या वेफर्सची पिशवी मागवण्याआधी

आषाढी-श्रावणाच्या उपवासासाठी रावेर-सावद्याकडे वेफर्सच्या कढया चढण्याआधी पिशवीचा विषय संपवून टाका. आधी ठरवा, माल नेमका बिघडतो कशाने? वेफर्स सादळत असतील तर आत बाष्प येतंय. खवट होत असतील तर ऑक्सिजन, आणि उजेड त्याला हातभार लावतो. साधं पॉलिथिन ओलावा बऱ्यापैकी अडवतं, पण ऑक्सिजन त्यातून सहज जातो. म्हणूनच ‘कुरकुरीत आहेत हो, पण वास येतो’ अशी तक्रार येते.

दुकानदार लगेच जाड पिशवी सुचवेल. त्यात फारसं काही पदरात पडत नाही. जाडी दुप्पट केली तर झिरपणं जेमतेम निम्म्यावर येतं. उलट १२ मायक्रॉनच्या पॉलिएस्टरवर ॲल्युमिनियमचा अतिपातळ मुलामा दिला, की ऑक्सिजनचं झिरपणं कित्येक पटींनी घटतं. तेव्हा मागा मेटलाइज्ड लॅमिनेट, म्हणजे असा मुलामा दिलेली, थर चिकटवून केलेली फिल्म, आतून सील होणाऱ्या पॉलिथिनसह. ईव्हीओएच (इथिलीन व्हिनाइल अल्कोहोल) या प्लास्टिकचा थरही ऑक्सिजन उत्तम अडवतो, पण दमट झाला की ढिला पडतो, शिवाय पारदर्शक. वेफर्ससाठी मी त्यावर पैसे घालणार नाही. नमुना मुठीत चुरगाळून उन्हाकडे धरा. बारीक रेषा चमकल्या तर मुलामा तडकतोय.

पुरवठादाराकडून ओटीआर (ऑक्सिजन झिरपण्याचा वेग) आणि डब्ल्यूव्हीटीआर (बाष्प झिरपण्याचा वेग) यांचे आकडे लेखी घ्या, आणि ते किती तापमान-आर्द्रतेला मोजले तेही. २३ अंशांवरचा ओटीआर मे महिन्यातल्या जळगावच्या पत्र्याच्या गोदामात कामाचा नाही. पारा ४५ला टेकला की फिल्म जास्त झिरपते. खाद्यपदार्थासाठी आयएस ९८४५ या भारतीय मानकाप्रमाणे मायग्रेशन चाचणीचा, म्हणजे प्लास्टिकमधलं काही खाण्यात उतरतं का याचा, दाखलाही मागून ठेवा.

आता सील. सगळी महागडी फिल्म इथेच वाया जाते. मिठाची भुकटी, तेलाचा थेंब, वेफरचा चुरा सीलच्या पट्ट्यात अडकला की बारीक वाट राहते. भरलेलं पाकीट बादलीत बुडवून हळू दाबा आणि मागचं उभं सील आडव्या सीलला मिळतं तो कोपरा बघा; तिथे थर वाढतात, उष्णता नीट पोचत नाही, बुडबुडे बहुधा तिथूनच येतात. पाकिटातला ऑक्सिजन हटवायला नायट्रोजन भरायचा तो हे जमल्यावर, नाहीतर सिलिंडर रिकामे करण्याचा धंदा.

शेवटी काही पाकिटं पत्र्याखाली, काही थंड खोलीत ठेवून आठवड्याला एकेक फोडून चाखा. पिशवीवरच्या छपाईचे सिलिंडर (कोरलेले रूळ) त्यानंतरच करायला टाका.