आयरिशमध्ये अळी, गांडूळ, जंत : या चुका टाळा

‘किडा’ला आयरिशमध्ये काय म्हणतात, हा प्रश्नच चुकीचा. कुठला किडा, ते आधी ठरवा.

शब्दकोशात पहिला सापडतो तो ‘पेश्त’. मूळ लॅटिन ‘बेस्टिया’, म्हणजे जनावर. त्यामुळे गांडूळ, पोटातले जंत आणि दंतकथांतला अजस्र सर्प, सगळे यातच येतात. आयर्लंडच्या पश्चिमेकडल्या ॲरन बेटांपैकी इनिश मोरवर खडकात एक आयताकृती कुंड आहे, ‘पउल न बेश्त’. त्याला ‘गांडुळांचं बीळ’ म्हटलं तर हसं होईल. तिथे सर्पाचाच अर्थ घ्यावा. साधं गांडूळ म्हणायचं असेल तर ‘पेश्त तलून’, जमिनीतली पेश्त. कोबीवरचा सुरवंट ‘पेश्त खबाश्त्ये’ किंवा नुसता ‘बॉलब’. बॉलब लिहिताना ‘ल’ आणि ‘ब’मध्ये स्वर नसतो, बोलताना येतो, आपण ‘धर्म’चं ‘धरम’ करतो तसाच. याला आयरिशचे अभ्यासकही स्वरभक्तीच म्हणतात.

सडक्या मांसातली अळी मात्र ‘क्रिव्ह’. हा शब्द आपल्या ‘कृमी’चा सख्खा भाऊबंद, दोघांचं मूळ एकच, म्हणून पटकन लक्षात राहतो. फसगतही इथेच होते: मुलाच्या पोटात कृमी झाले म्हणून ‘क्रिव्ह’ लिहाल, तर त्याच्या पोटात मांसातल्या अळ्या पडल्या असं वाचलं जाईल. जंतांना पेश्तच. लाकूड पोखरणाऱ्या अळीचा शब्द तर वेगळाच, ‘रेदान’. त्यात पेश्तचा मागमूस नाही.

गांडुळाला ‘कित्योग’ (cuiteog) असाही शब्द आहे. त्यातल्या ‘टी’च्या जागी ‘एल’ पडला की ‘किल्योग’, म्हणजे माशी. आणि ‘सी’नंतर ‘यू आय’ऐवजी ‘आय ओ’ लिहून पुढे ‘टी’, दीर्घचिन्हाचा ‘ओ’ नि ‘जी’ ठेवलं, तर होतं ciotóg, म्हणजे डावखुरा. गृहपाठ तपासताना हे तीन शब्द अक्षर-अक्षर लावून बघा.

शब्दकोशात शब्द सापडतच नाही, ही नेहमीची तक्रार. कारण आयरिशमध्ये शब्दाचं तोंड बदलतं. पेश्त स्त्रीलिंगी, म्हणून ‘अन’ हे उपपद (इंग्रजी ‘द’सारखं) लागलं की ‘अन फेश्त’. लिखाणात ‘पी’नंतर ‘एच’ येतो. तो वगळून शोधा. ‘पउल न बेश्त’मधल्या ‘बेश्त’मध्ये ‘पी’च्या आधी ‘बी’ चिकटलेला असतो. ‘बी’च्या पानावर काहीच मिळणार नाही, ‘पी’वर जा. जुन्या छपाईत ‘एच’ऐवजी अक्षराच्या डोक्यावर नुसता टिंब असतो, तोही ‘एच’ समजा.

मोजतानाही हाच घोटाळा. तीन गांडुळं म्हणजे ‘त्री फेश्त’, आठ म्हणजे ‘ओख्त बेश्त’. दोन ते सहापर्यंत ‘एच’ची जोड, सात ते दहापर्यंत ‘बी’ची, आणि नाम एकवचनीच. मराठीच्या सवयीने अनेकवचन ‘पेश्तना’ वापरलं की चूक. ते आकडा नसतानाच.