शेततळ्याचं काम घेताना: आधी टेप, मग पोकलेन

हरभरा निघाला की आमच्या जालना जिल्ह्यात फोन सुरू होतात, "भाऊ, मशीन कधी लावता?" पाऊस पडेपर्यंतच आपला हंगाम. आमच्याच जिल्ह्यातल्या कडवंची गावच्या द्राक्षवाल्यांची शेततळी बघून आता गावोगाव शेततळी होतायत, त्यामुळे कामाला तोटा नाही. तोटा होतो तो मापात. नवीन पोकलेन घेतलेल्या पोरांसाठी हे लिहितोय.

मशीन ट्रेलरवर चढवण्याआधी शेतात स्वतः जा. सातबारा बघा. धुऱ्याचा वाद आहे का, ते मालकाला नाही, शेजाऱ्याला विचारा. मग जवळच्या विहिरीत डोकवा. माती किती, मुरूम कुठून, पाषाण किती फुटांवर, सगळं तिथं दिसतं. खडक लागला तर ब्रेकरच्या (खडक फोडायच्या हातोड्याच्या) तासाचा भाव वेगळा, हे त्याच दिवशी बोलून घ्यायचं. खडक लागल्यावर काढलेला विषय म्हणजे भांडणच.

आता हिशेब. 30 बाय 30 मीटर, खोली 3 मीटर, उतार एकास एक, म्हणजे एक मीटर खाली गेलं की काठ एक मीटर आत. तळ येतो 24 बाय 24 आणि खोदाई 2196 घनमीटर, म्हणजे साधारण 776 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). काही जण सरळ 30 गुणिले 30 गुणिले 3 करून शेतकऱ्याला 27 लाख लिटर सांगतात; मावतं 22 लाखांच्या आत. खोल काळी माती असेल तर एकास एक उतार ढासळतो. तिथं एकास दीड ठेवा. मग तळ 21 बाय 21 आणि माप 1971 घनमीटर. पाणी कमी मावणार, हे फक्की मारायच्या (चुन्यानं आखणी करायच्या) आधीच मालकाच्या कानावर घाला.

ब्रास खड्ड्यात मोजायचे, ढिगाऱ्यात नाही. उकरलेली माती फुगते. हायवावाला (माती वाहणारा टिप्परवाला) मात्र फुगलेलीच मोजणार, म्हणून माती बाहेर न्यायची असेल तर तिचा हिशेब वेगळ्या पानावर. तासावर काम असेल तर सकाळ-संध्याकाळ मशीनच्या मीटरचा फोटो मालकाच्या व्हॉट्सॲपवर. ऑपरेटरच्या तोंडी तासांवर मी तरी बिल करत नाही, तो सख्खा मेहुणा असला तरी.

कागदाची, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून तळ्यात अंथरायच्या प्लास्टिकची, ऑर्डर खोदाई झाल्यावर, प्रत्यक्ष टेप लावूनच द्या. एकास एक उताराच्या तळ्याला तळ आणि दोन्ही बाजूंचे उतार धरून 32.5 मीटर लागतात. काठावरच्या चरीत दाबायला दोन्हीकडे एकेक मीटर सोडला की 34.5 बाय 34.5, म्हणजे साधारण 1190 चौरस मीटर. 500 मायक्रॉनपेक्षा पातळ कागद मागणाऱ्याला मी नाहीच म्हणतो. अंथरण्याआधी मुळ्या, खडे वेचून घ्या. भर दुपारी कागद ताणू नका: उन्हात तो फुगतो, रात्री आखडतो आणि जोडावर ताण येतो. सकाळीच ढिला अंथरायचा, चर लगेच बुजवायची आणि त्याच दिवशी तळाला थोडं पाणी सोडायचं, नाहीतर वारा उचलतो.

ओल्या कागदावरून माणसाला वर चढता येत नाही. म्हणून तारेचं कुंपण आणि चारही बाजूंना गाठी मारलेले दोर अंदाजपत्रकातच धरा, वेगळे दाखवले की मालक तेच आधी काटतो.

पैशाचं म्हणाल तर डिझेलपुरता विसार आधी, खोदाई मोजली की मोठा हप्ता, उरलेले कागद बसल्यावर. "अनुदान आलं की देतो" यावर काम धरू नका. अनुदान येतं शेतकऱ्याच्या खात्यावर, तेही काम झाल्यावर. मशीनचा हप्ता मात्र दर महिन्याला कापला जातो.