रिकॉल झालेला फोन आणि विमानप्रवास: घर सोडण्याआधीची तयारी

विमानाचं तिकीट काढलं, त्याच दिवशी बरोबर न्यायच्या सगळ्या फोनचे मॉडेल आणि सिरियल नंबर तपासून टाका. आदल्या रात्रीवर हे काम ठेवू नका, कारण फोन रिकॉलमध्ये (दोषामुळे कंपनीने परत मागवलेल्या मालात) निघालाच तर डेटा काढणं, सिम हलवणं, फोन परत करणं आणि दुसरा मिळवणं यात आठवडा सहज जातो. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडलं की मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर सापडतो. डायलपॅडवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की आयएमईआय हा १५ आकडी क्रमांक दिसतो. फोन चालू होत नसेल तर खोक्यावरचं लेबल किंवा बिल बघा. काही फोनमध्ये सिमच्या ट्रेवरही तो बारीक अक्षरांत कोरलेला असतो. मुलांना खेळायला दिलेला जुना फोन आणि ‘असू दे बरोबर’ म्हणून बॅगेत टाकलेला दुसरा फोनही यात धरा. सहसा तेच तपासायचे राहून जातात.

हा क्रमांक कंपनीच्या स्वतःच्या रिकॉल पानावर टाकून बघा आणि ग्राहक सुरक्षेचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेची सूचनाही वाचा. नुसतं मॉडेलचं नाव जुळलं म्हणून घाबरायचं नाही आणि जुळलं नाही म्हणून निर्धास्तही व्हायचं नाही. रिकॉल बऱ्याचदा ठरावीक काळात विकलेल्या मालापुरतंच असतं. २०१९ मध्ये ॲपलने १५ इंची मॅकबुक प्रो परत मागवले, ते मुख्यतः सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१७ या काळात विकलेले होते. नेमका कोणता लॅपटॉप त्यात येतो, हे सिरियल नंबर टाकल्यावरच कळत होतं. सूचनेत कारण काय दिलंय तेही बघा. स्पीकर किंवा कॅमेऱ्याच्या दोषासाठी झालेल्या रिकॉलचा विमानाशी संबंध नाही. बॅटरी तापण्याचा, पेटण्याचा धोका लिहिला असेल तर मात्र तो फोन विमानात न्यायचा नाही. धोकादायक मालाच्या हवाई वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, उत्पादकाने सुरक्षेच्या कारणासाठी सदोष ठरवलेली किंवा इजा झालेली आणि त्यामुळे तापण्याची, पेटण्याची, शॉर्टसर्किट होण्याची शक्यता असलेली लिथियम बॅटरी विमानातून नेता येत नाही.

इथे एक गैरसमज वारंवार दिसतो: बॅटरी विमानासाठीच्या १०० वॅट-तासांच्या (साठलेल्या ऊर्जेचं माप) मर्यादेच्या आत आहे म्हणजे चालेल. ती मर्यादा धडधाकट बॅटरीसाठी आहे. हिशोब सोपा आहे: बॅटरीवर लिहिलेल्या एमएएचला (क्षमतेचा आकडा) व्होल्टने गुणायचं आणि हजाराने भागायचं. सॅमसंग गॅलेक्सी नोट ७ ची बॅटरी ३५०० एमएएच आणि ३.८५ व्होल्टची होती, म्हणजे जेमतेम १३.५ वॅट-तास. तरीही त्या फोनवर सरसकट बंदी आली.

नोट ७ चा घटनाक्रम माहीत असलेला बरा, कारण तपासणी दोनदा का करायची ते त्यातून कळतं. फोन ऑगस्ट २०१६ मध्ये बाजारात आला. २ सप्टेंबरला कंपनीने विक्री थांबवली आणि सुमारे २५ लाख फोन बदलून द्यायचं जाहीर केलं. बदलून दिलेला फोन ओळखता यावा म्हणून त्यावर बॅटरीचं चिन्ह हिरवं ठेवलं. लोक निर्धास्त झाले. मग ५ ऑक्टोबरला अमेरिकेत लुईव्हिलहून बाल्टिमोरला निघायच्या तयारीत गेटवर उभ्या असलेल्या विमानात अशाच एका बदली फोनमधून धूर निघू लागला आणि सगळ्या प्रवाशांना खाली उतरवावं लागलं. ११ ऑक्टोबरला कंपनीने उत्पादनच थांबवलं, आणि १५ ऑक्टोबरपासून अमेरिकेने हा फोन अंगावर, हातातल्या बॅगेत, चेक-इन सामानात किंवा कार्गोत, कुठेही न्यायला मनाई केली. जो बदली फोन काही आठवडे ‘सुरक्षित’ म्हणून ओळखला जात होता, तो असा एकाएकी बंदीत गेला. म्हणून तिकीट काढताना एकदा आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा रिकॉलचं पान उघडा.

‘माझा फोन तर मस्त चालतोय, गरमही होत नाही’ या समाधानावर विसंबू नका. जानेवारी २०१७ मध्ये सॅमसंगने नोट ७ च्या तपासाचा निष्कर्ष जाहीर केला. सुमारे दोन लाख फोन आणि तीस हजार बॅटऱ्या तपासून हाती आलेला दोष किती बारीक होता बघा. एका पुरवठादाराच्या बॅटरीत वरच्या उजव्या कोपऱ्यात आतला ऋण इलेक्ट्रोड (वीज वाहणाऱ्या दोन थरांपैकी एक) वाकलेला होता. दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगच्या जागी राहिलेली धातूची टोकं इन्शुलेशनची पट्टी आणि दोन इलेक्ट्रोडांमधला पातळ पडदा भेदत होती, आणि काही बॅटऱ्यांत ती पट्टी लावायचीच राहून गेली होती. दोन इलेक्ट्रोड एकमेकांना टेकले की शॉर्टसर्किट होतं, उष्णतेने आतल्या द्रवातून ज्वालाग्राही वायू सुटतो आणि वाढत्या उष्णतेने बाकीची बॅटरीही पेट घेते. बाहेरून बघून यातलं काहीही कळत नाही.

बाहेरून दिसणारी लक्षणं वेगळी, आणि ती रिकॉल नसलेल्या फोनमध्येही बघायची. फोन सपाट टेबलावर पाठीवर ठेवा आणि कोपऱ्याला हलकेच बोट लावा. पूर्वी स्थिर बसणारा फोन भोवऱ्यासारखा फिरत असेल तर पाठ फुगली आहे. कडेने बघा: स्क्रीन आणि फ्रेम यांच्या मधली फट एका बाजूला रुंद झाली आहे का, मागचं झाकण उचललं गेलंय का. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास येत असेल तर गळती आहे. असा फोन दाबून सपाट करायचा नाही, टोचायचा नाही, चार्जिंगला तर अजिबात लावायचा नाही. रिकॉल असो नसो, तो विमानात न्यायचा नाही.

फोन मागे ठेवायचा ठरला की कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. रिकॉलच्या सूचनेत ‘वापर ताबडतोब थांबवा’ असं असेल तर शिल्लक असलेल्या चार्जवरच एका बैठकीत सगळं उरका, नव्याने चार्ज करू नका. आधी ऑथेंटिकेटर ॲपमधली (लॉगिनचे कोड देणारं ॲप) खाती दुसऱ्या फोनवर हलवा, कारण फोन पुसल्यावर ती परत मिळवणं फार त्रासाचं असतं. मग ई-सिम (फोनच्या आतच असलेलं, काढता न येणारं सिम). प्लास्टिकचं सिम केव्हाही काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येतं, पण ई-सिम हलवायला बऱ्याचदा जुना फोन चालू लागतो, आणि बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येत असतील तर परक्या देशात अडकायला तेवढं पुरे. त्यानंतर चॅटचा आणि फोटोंचा बॅकअप. मग फोनमधलं खातं साइन-आउट करून फॅक्टरी रीसेट; हा क्रम उलटा झाला तर फोन खात्याला कुलूपबंद राहतो आणि परत घेणारा तो नाकारू शकतो. बोर्डिंग पास, व्हिसा, विमा, हॉटेलचं बुकिंग आणि चार महत्त्वाचे फोन नंबर कागदावर छापून पासपोर्टबरोबर ठेवा.

परत पाठवताना साध्या कुरिअरने किंवा टपालाने टाकू नका, ते पाकीट नकळत विमानात चढू शकतं. कंपनीकडून खास खोकं मागवा. नोट ७ च्या वेळी अमेरिकेत ग्राहकांना आतून उष्णतारोधक अस्तर लावलेली खोकी आणि हातमोजे पाठवले होते, आणि ती खोकी फक्त रस्त्याने नेली जात होती. खोकं येईपर्यंत फोन पूर्ण बंद करा (एअरप्लेन मोड म्हणजे बंद नव्हे), अलार्म काढून टाका आणि झाकणाच्या धातूच्या किंवा मातीच्या भांड्यात, पडदे-कागद-गाद्यांपासून आणि दारापासून लांब ठेवा. उन्हातल्या गाडीत ठेवू नका.

फोनची बॅटरी फोनच्याच कंपनीच्या केंद्रात बदलून घेतली असेल आणि कंपनीने फोन सुरक्षित ठरवला असेल तर तो नेता येतो, पण कामाची पावती सिरियल नंबरासह छापून जवळ ठेवा. काउंटरवरच्या माणसाला फोनच्या पोटातली बॅटरी नवी आहे हे दिसत नाही. प्रवासात दोन विमान कंपन्या किंवा मधला तिसरा देश असेल तर प्रत्येकाचा नियम वेगळा तपासा, मधल्या थांब्यावर फोन अडवला गेला तर तो ठेवायला तिथे जागा नसते. पॉवर बँकेलाही हाच न्याय लावा. २८ जून २०२५ पासून चीनने देशांतर्गत विमानांत रिकॉल झालेल्या आणि थ्री-सी (चीनमधली सक्तीच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची) खूण नसलेल्या पॉवर बँकांना बंदी घातली आहे.

फोन चेक-इन बॅगेत लपवून नेणं हा सगळ्यांत वाईट मार्ग. सामानाच्या कप्प्यातला हॅलॉन वायू ज्वाला दाबतो, पण बॅटरीच्या आत सुरू झालेली उष्णतेची साखळी त्याने तुटत नाही. शेजारी डिओडरंटचा स्प्रे असेल तर स्फोटापर्यंत जातं. अमेरिकेच्या हवाई प्राधिकरणाच्या चाचण्यांत हे दिसलेलं आहे. विमानतळावर आल्यावर लक्षात आलं तर सरळ विमान कंपनीच्या माणसाला सांगा. कचऱ्याच्या डब्यात फोन टाकू नका, डबा पेटेल. आणि विमानात बसल्यावर लक्षात आलं तर ताबडतोब क्रूला सांगा, फोन पूर्ण बंद करा, चार्जरला लावू नका आणि अंगावरच्या खिशात ठेवा. २०१६ च्या अमेरिकी आदेशातही हेच होतं: वरचा कप्पा, समोरच्या सीटचा खिसा आणि हातातली बॅग, तिन्ही वर्ज्य. अंगावरचा फोन तापू लागला की तुम्हाला लगेच कळतं, बंद कप्प्यातला धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. फोन सीटच्या फटीत पडला तर सीट मागे-पुढे करू नका. त्या यंत्रणेत चिरडून धडधाकट बॅटरीही पेटते.

धूर निघालाच तर फोन हातात घेऊ नका, क्रूला हाक मारा आणि बाजूला व्हा. ते ज्वाला विझवून भरपूर पाणी ओततात, कारण थंड केलं नाही तर विझलेली बॅटरी पुन्हा पेटते. बर्फ घालू नका, त्याखाली उष्णता कोंडते.

परतीच्या विमानाआधीही तेच पान परत उघडा. तुम्ही परदेशात असतानाच रिकॉल जाहीर झालं असेल तर त्या गावातल्या अधिकृत सेवा केंद्राला आधी फोन करा, त्याच क्रमाने डेटा आणि सिम काढून घ्या, फोन तिथेच जमा करा आणि त्यावर आयएमईआय लिहिलेली पावती घेऊनच निघा.