इंदूरहून कळसूबाई करायचं असेल तर दिवस कसा आखायचा

आपल्या इंदूरच्या मंडळींचं काय होतं, जवळचा जानापावचा डोंगर एकदा झाला, राळामंडळची टेकडी दोनचार रविवारी चढून आलो की वाटतं झाली तयारी, आणि मग लाँग वीकेंड बघून गाडी थेट कळसूबाईला. सरावाला जानापाव छानच आहे, पण कळसूबाई म्हणजे १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, चढ अंगावर येतो आणि सावली फार कमी. माझ्या आत्यानं साठी उलटल्यावर केलं हे शिखर, म्हणजे जमतं, फक्त दिवस नीट आखायला हवा.

सगळ्यात आधी, रात्रभर गाडी चालवून सकाळी चढायला लागायचं नाही. नाशिकपर्यंतच ४०० किलोमीटरच्या वर होतात, मध्ये सेंधव्यापुढचा बिजासन घाट, मग धुळे, मालेगाव, आणि नाशिकनंतर घोटीहून भंडारदऱ्याकडे वळायचं. पहिला दिवस प्रवासाचाच धरा. मुक्काम भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी, तिथे तंबू भाड्यानं मिळतात. थंडीत रात्री दव इतकं पडतं की बाहेर ठेवलेले बूट सकाळी ओले मिळतात, म्हणून बूट आत घ्या. आणि बॅग रात्रीच भरा, अंधारात टॉर्च तोंडात धरून मोजे शोधण्यात अर्धा तास सहज जातो.

पहाटे बारी गावात गाडी लावून उजाडायच्या आत चालायला लागायचं, हेडटॉर्च प्रत्येकाकडे हवा, मोबाईलचा उजेड नको कारण हात मोकळे लागतात. एवढी घाई का, तर वाटेत लोखंडी शिड्या आहेत आणि सुट्टीच्या दिवशी तिथे लाईन लागते, वर ऊन तापलं की कातळही तापतो आणि तुम्ही तिथे उभे. माणशी तीन लिटर पाणी, ओआरएसची दोन पाकिटं, तिखटमिठाच्या पुऱ्या, गुळाची चिक्की, एक वाराबंद जॅकेट. वाटेत लिंबू सरबत मिळतं पण त्याच्या भरवशावर पाणी कमी घेऊ नका. निघताना पोटभर पोहे आणि वर जिलबी, ही आपली सवय त्या दिवशी बाजूला ठेवा, एखादं केळं आणि थोडा चहा पुरे, मग दर पाऊण तासानं थोडं थोडं खात राहायचं. खाण्याची पिशवी हातात मिरवू नका, माकडं आहेत.

शिड्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे, पाऊस असेल तर आपण सपाटीवरच्या लोकांनी पहिल्यांदाच जाताना जाऊ नये. ओलं लोखंड, वारा, धुकं, आणि मागून ढकलणारी गर्दी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. शिडीवर काठी बॅगेला बांधा, मोबाईल खिशात, आणि दोन हात दोन पायांपैकी तीन कायम टेकलेले असू द्या. उतरताना तोंड शिडीकडेच. कुणी घाबरलं तर हसू नका, त्याच्या खालच्या पायरीवर एक जण राहा आणि पाय कुठे ठेवायचा ते सांगत उतरा. ढग गडगडले तर शिखर राहू दे, लोखंडापासून लांब खाली यायचं.

वर छोटंसं मंदिर आहे. कळसू नावाची मुलगी पाटलाकडे कामाला राहिली ती भांडी घासणार नाही, केर काढणार नाही या अटीवर, आणि अट मोडली तशी डोंगरावर निघून गेली, अशी गोष्ट सांगतात. आत्या ती ऐकून बराच वेळ तिथे बसून राहिली. हवा स्वच्छ असेल तर अलंग, मदन, कुलंग हे किल्ले ओळीनं दिसतात आणि खाली भंडारदऱ्याचं पाणी. पण परतायची वेळ निघतानाच ठरवा, आम्ही साडेदहा ठरवली होती, पोचलो असू वा नसू, साडेदहाला मागे.

कारण खरी परीक्षा उतरताना असते. चढताना दम लागतो, उतरताना गुडघे जातात, आणि लक्ष उडालेलं असतं. आत्याच्या पायाची दोन नखं काळी पडली, बूट चांगले होते पण उतरायच्या आधी लेस घट्ट केली नव्हती, मग प्रत्येक पावलाला बोटं पुढे आपटत राहिली. म्हणून आदल्या दिवशी नखं कापा, शिखरावर बसून घोट्यापाशी लेस परत आवळा, पावलं छोटी, गुडघा किंचित वाकलेला, काठी आधी खाली टेकवून मग पाय. धावत उतरणाऱ्या पोरांना वाट द्या आणि आपल्या चालीनं या.

कॅम्पवर आलात की बूट काढा, पिठलं-भाकरी सांगा, झोपा. त्याच संध्याकाळी इंदूरला निघायचं नाही, थकलेल्या पायानं ब्रेक दाबत रात्री बिजासन घाट चढायचा धोका घेऊ नका, सोमवारची सुट्टी आधीच टाकून ठेवा.